परत यायची तारीख

साहेब, तुम्ही आकडे मागितलेत.
आकडे आहेत. मार्चपासूनचे, निळ्या शाईत,
जुलैनंतर पेन्सिलीनं, कारण पेनंसुद्धा
मबालेहून औषधांच्याच गाडीतून वर यायची
आणि गाडी येत नव्हती.

नांबोझोपासून सुरू करते.
तिच्या पिवळ्या कार्डावर माझंच अक्षर आहे :
परत यायची तारीख, चौदा एप्रिल.
ती आली. चौदालाच आली,
कॉफीच्या मळ्यांतून चार तास डोंगर उतरत,
धाकटा पाठीवर, मोठीचं बोट हातात,
नाकातोंडावर नवऱ्याच्या जुन्या शर्टाची बाही.
मी कपाट उघडून दाखवलं.
आत थर्मामीटर होता, एक झुरळ होतं
आणि सुयांचा अख्खा खोका.
सुया होत्या.
सुईतून द्यायचं ते नव्हतं.

ती म्हणाली, मग तारीख कशाला लिहिलीस?

ह्याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

रेडिओ सांगत होता, घरात राहा.
नांबोझोच्या घराला एकच खोली
आणि नवराही घरातच राहत होता.

खाइंझाला कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी सातनंतर,
सातनंतर रस्ता सरकारचा.
मूल पायाळू. माझ्या हातातलं काम नव्हे.
मोठ्या इस्पितळात न्यायला चिठ्ठी हवी,
चिठ्ठी कचेरीत, कचेरी शहरात,
शहरात जायला गाडी, गाडीला चिठ्ठी.
फोनवरच्या माणसानं हे मला तीनदा समजावलं,
चौथ्यांदा समजावताना त्यालाच हसू आलं,
मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

गाडीत माणूस बसवायला बंदी होती.
मालाला नव्हती.
पहाटे वामोनो आपली तीनचाकी घेऊन दाराशी आला,
सिस्टर, म्हणाला, माझी कोबीची खेप आहे.

नाक्यावर पोलिसानं वरचा एक गड्डा उचलला,
हातात तोलला, भाव विचारला.
वामोनोनं भाव सांगितला, जरा चढाच,
म्हणजे खरा वाटावा.
खाली पोत्यांच्या आड
तिनं एका गड्ड्यात दात रोवून
अख्खी कळ आतल्या आत जिरवली.

जगली दोघं. ते तुमच्या आकड्यात आहेच.
‘रुग्ण कशाने आली’ ह्या रकान्यात
मी ‘माल’ असं लिहिलंय. खोडू नका.
दातांची खूण असलेला तो गड्डा वामोनोनं विकला नाही,
नांदायला ठेवल्यासारखा घरात ठेवला,
सडेपर्यंत.

आणि एक मुलगी,
शाळेच्या गणवेशात, शाळा बंद असताना.
तिन्हीसांजेला आली, पाणी मागितलं, प्यायली.
मला कळलं तिला काय हवंय.
मला कळलंय हे तिला कळलं.
आमच्या दोघींच्या मध्ये ते कपाट होतं.
ग्लास पालथा घालून ती गेली.
तिचं नाव मला माहीत नाही. ती कुठल्याच आकड्यात नाही,
आणि कुणाचा दवाखाना नसलेल्या कुठल्या झोपडीत
ती पुढे पोहोचली, हेही मला माहीत नाही.
मी विचारायला हवं होतं.

त्या साली जो तो म्हणायचा, दिवस जात नाहीत.
नांबोझोला दिवस गेले.

फेब्रुवारीत ती पुन्हा चार तास उतरली,
ह्या खेपेला पोट पुढे धरून.
वहीचं पान दुसरं, नाव तेच.
मुलगी झाली, पावणेतीन किलो, आवाज खणखणीत.
रडली नाही नांबोझो, रागावलीही नाही,
मुलीला छातीशी लावून
माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत बसली.

तर आता तिचं पिवळं कार्ड माझ्यापुढे आहे.
परत यायची तारीख, आणि पुढे मोकळी जागा.
ती अजून बाकावर बसलेली आहे.
ऊन कलायला लागलंय, तिला डोंगर चढायचाय.

आकडे देते, साहेब, सगळे देते.
आधी गाडी कधी येणार ते सांगा.